पाकटाचा काटा

मेक्सिकोच्या आखाताजवळ ला व्हेंता इथे ओल्मेक लोकांचं नगर होतं. तिथल्या बसाल्टच्या खांबांनी रचलेल्या एका थडग्यात पाकट माशाच्या शेपटीचे काटे मिळाले. त्यांच्याबरोबर तसाच, पण जेडमध्ये कोरलेला एक काटाही होता. हे थडगं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातलं. खरा काटा हाताशी असताना लोक तो मौल्यवान दगडात घडवतात, म्हणजे त्या काट्याला पूजेचं स्थान आलेलं असतं. हा काटा स्वतःच्या अंगात टोचून घ्यायचा आणि निघालेलं रक्त देवांना वाहायचं, अशी ही रीत.

पुढे ती माया लोकांनी राजधर्माच्या पदाला नेली. समुद्रापासून बरंच आत असलेल्या तिकाल या माया नगराच्या थडग्यांतही पाकटाचे काटे सापडतात. पुरुष बहुधा जननेंद्रियातून आणि स्त्रिया जिभेतून रक्त काढत. ते सालीच्या कागदावर झेलत आणि कागद जाळत. त्या धुरातून पूर्वज आणि देव भेटीला येतात, ही श्रद्धा.

याश्चिलान या माया नगरातल्या एका दाराच्या माथ्यावरची शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. प्रसंग इ.स. ७०९ चा. राणी शोक गुडघ्यांवर बसून काटे ओवलेली दोरी जिभेतून ओढते आहे, आणि राजा इत्झामनाह बालम तिच्यावर मशाल धरून उभा आहे. माया शिल्पातलं याहून थोर काम मला ठाऊक नाही. राणीच्या चेहऱ्यावर वेदनेची एक रेघही नाही. राजघराण्याचा मान असा देह टोचून मिळवावा लागे.

या रक्तदानामागचा विचार मेक्सिकोतल्याच अस्तेक लोकांच्या कथेत स्वच्छ दिसतो. केत्सालकोआत्ल या देवाने पाताळातून हाडं आणली, देवीने ती दळली, आणि त्या पिठावर त्याने स्वतःचं रक्त शिंपडलं. त्यातून माणूस झाला. देवाने आधी रक्त दिलं, म्हणून माणसावर ऋण आलं. अस्तेक पुजारी ते घायपाताच्या काट्यांनी फेडत आणि रक्ताळलेले काटे गवताच्या गोळ्यात खोचून ठेवत. कालमेकाक या शाळेत पौरोहित्य शिकणाऱ्या मुलांनाही यातून सुटका नव्हती.

अस्तेक म्हटलं की पिरॅमिडवर काळीज काढलेला बंदिवानच डोळ्यांपुढे येतो. ते बळी खरे होते, आणि त्यांची क्रूरता झाकण्याचं कारण नाही. पण तेवढ्यावर या धर्माची ओळख संपवणं अन्यायाचं आहे. इथे दुसऱ्याचं रक्त सांडणारे राजे आणि पुजारी स्वतःचंही रक्त देत होते.

युकातानमधले माया लोक कान, गाल, ओठ, जीभ टोचून रक्त वाहत, हे दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने सविस्तर लिहून ठेवलं. त्याच लांदाने १५६२ मध्ये मानी गावात माया लोकांच्या पोथ्या जाळल्या.