६२ दिवसांची भरती

* ‘६२ दिवसांचे आवर्तन’ : समुद्रात असे काही नसते. समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजणारा, १९९२ साली सोडलेला टोपेक्स/पोसायडन उपग्रह त्याच जागेवर ९.९१५६ दिवसांनी परतत असे. चंद्राची मुख्य भरती मात्र १२.४२ तासांनी येते. एवढ्या विरळ नोंदींत ती दर फेरीला थोड्या पुढच्या टप्प्यावर सापडते आणि वर्णपटात ६२ दिवसांचे शिखर उभे राहते. गोंगाटाचेही तेच : जलद चढउतार दुमडून मंद वारंवारतांत मिसळतात, आणि वर्षानुवर्षे मोजत राहिले तरी वेगळे काढता येत नाहीत. तरी या उपग्रहाची कक्षा भरतीचा विचार करूनच निवडली होती. उलट, सूर्याशी जखडलेल्या कक्षेतल्या ईआरएस-१ या उपग्रहाला सूर्याची १२ तासांची भरती कायम एकाच टप्प्यावर भेटे, म्हणजे दिसतच नसे. — संपा.