छापील प्रत नसलेलं पुराण

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात साष्टीतल्या रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडलं. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. तेव्हा या इंग्रज जेझुइटाचं चरित्र लिहायचं तर त्याच्या मुख्य ग्रंथाच्या आधी त्याच्या पत्रांकडे जावं लागतं.

पहिलं पत्र गोव्याहून वडिलांना, १० नोव्हेंबर १५७९चं. ४ एप्रिलला लिस्बनहून निघालेलं जहाज २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं होतं. दीडशेहून अधिक माणसं आजारी पडली, सत्तावीस दगावली, हे तो लिहितो. केप ऑफ गुड होपजवळचं वादळ, समुद्रावरचे पक्षी, पूर्व-पश्चिम अंतर मोजताना खलाशांची होणारी अडचण, सगळं त्यात आहे. लिहिणारा तिशीतला, रोममध्ये १५७५ साली जेझुइट झालेला. पण हे पत्र धर्मोपदेशकापेक्षा चौकस प्रवाशाचंच वाटतं. प्रवासवर्णनं गोळा करणाऱ्या इंग्रज हॅक्लुटने १५८९ मध्ये ते छापलं, म्हणून ते वाचलं.

दुसरं पत्र भावाला, २४ ऑक्टोबर १५८३चं. त्याच वर्षी जुलैमध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले होते. ती हकिकत त्यात आहे. आणि त्याच पत्रात, इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते, असं एक निरीक्षणही आहे. विल्यम जोन्सने हेच कलकत्त्यात मांडलं ते १७८६ साली. मात्र स्टीफन्सने त्यातून सिद्धांत वगैरे काढलेला नाही. भाषा शिकता शिकता कानाला जे जाणवलं ते सांगितलं, इतकंच.

पुढची माहिती परक्यांच्या कागदांतून मिळते. इंग्रज व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे सोबती गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्सने खटपट केली. १६०८च्या सुमारास फ्रेंच कैदी पिरार द लाव्हाल त्याला मडगावच्या कॉलेजचा प्रमुख म्हणून ओळखतो. बाकी चाळीस वर्षं बहुतेक साष्टीतच गेली, आणि १६१९ मध्ये शेवटही गोव्यातच झाला.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १६०८चं पत्र. जेझुइटांचे रोममधले मुख्य क्लाउदिओ अक्वाविवा यांच्याकडे त्याने मागणी केली, की मलबारात करतात तसं इथेही देशी लिपीत छापू द्यावं. अडचण त्याला ठाऊक होती: ही लिपी अक्षरागणिक चालते, तिला सहाशेच्या घरात खिळे लागतील. (अक्वाविवांचा पुतण्या रोदोल्फ हा कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाचांपैकी एक.) खिळे काही झाले नाहीत. आठ वर्षांनी पुराण निघालं ते रोमन लिपीत.

पुराण का, हे काव्याच्या आरंभीच कळतं. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणं तर बंद झाली, आता वाचायचं काय? उत्तर म्हणजे जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत. मुलांच्या धर्मशिक्षणाचं पुस्तक (१६२२) आणि व्याकरण (१६४०) मात्र कोकणीचं. दोन्ही मरणोत्तर छापली गेली. घरात बोलायची भाषा वेगळी, पुराण ऐकायची भाषा वेगळी, हा गावातला रिवाज त्याने अचूक हेरला होता.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदी घातली. तरी गोव्यातून कॅनरात गेलेल्या ख्रिस्ती घरांत पुराणाच्या हातप्रती उतरत राहिल्या. त्यांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळुरात आवृत्ती काढली, अर्थात रोमन लिपीत. मग १९२०च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातल्या हस्तलिखिताकडे लक्ष वेधलं. ते चक्क देवनागरीत आहे, आणि रोमन पाठात जिथे पोर्तुगीज-लॅटिन शब्द येतात तिथे त्यात अनेकदा संस्कृत शब्द आहेत.

मूळ पाठ कोणता, यावर अभ्यासक भांडतात. १६०८चं पत्र वाचल्यावर माझा कल मार्सडेन प्रतीकडे झुकतो, पण तो कलच. देशी लिपीची इच्छा म्हणजे देशी शब्दांचा पुरावा नव्हे. पुण्यात शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुराण देवनागरीत छापलं. स्टीफन्सने मागितलेल्या लिपीत ते छापून यायला साडेतीनशे वर्षं लागत आली होती.