सामान्यनाम, विशेषनाम आणि औषधाची किंमत

विम्याचे छत्र नसलेल्या रुग्णास औषध परवडावे कसे, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा मानला जातो. त्याचा एक महत्त्वाचा भाग नामकरणाच्या इतिहासाशी निगडित आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

एकाच औषधास दोन प्रकारची नावे असतात. ‘पॅरासिटामॉल’ हे सामान्यनाम. ‘क्रोसिन’ हे व्यापारी विशेषनाम. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय सामान्यनामांची पहिली यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. ह्या नामांची घडण अर्थवाही आहे : ‘अँपिसिलिन’, ‘अमॉक्सिसिलिन’ ह्यांतील ‘-सिलिन’ हा अंत्यावयव पेनिसिलिनचे कुल सांगतो. शिवाय सामान्यनामावर कोणाचीही मालकी नसते.

भारतात १९११ च्या कायद्यान्वये औषधद्रव्यावरही एकस्व मिळू शकत असे. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे झालेला १९७० चा कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्याने औषधांचे एकस्व केवळ निर्मितिप्रक्रियेपुरते ठेवले. निराळ्या प्रक्रियेने तेच द्रव्य अनेकांस बनविता येऊ लागले व स्पर्धेस वाव मिळाला. परंतु द्रव्य मुक्त झाले, तरी नाव बद्धच राहिले. एकस्वास मुदत असते. व्यापारचिन्हाचे मात्र पुनःपुन्हा नूतनीकरण करता येते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर विशेषनाम लिहिले की रुग्णाची निवड बहुधा तेथेच संपते.

हे ओळखूनच जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस केली. १९७८ च्या औषधधोरणाने ती प्रथम पाच औषधांपुरती स्वीकारली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि व्यापारी नावे कायम राहिली. २००५ पासून द्रव्यावरील एकस्वही परत आले. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेने सामान्यनामाने औषधे विकणारी दुकाने उघडली. २०१८ च्या आरोग्यविमा योजनेचा भर मुख्यतः रुग्णालयातील उपचारांवर असल्यामुळे, घरी राहून महिनोन्‌महिने मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यास अशा दुकानाचे मोल विशेष आहे.

सामान्यनाम म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण विशेषनामही तशी हमी देत नाही. ती हमी काटेकोर परीक्षणानेच मिळावयाची. ते परीक्षण झाले, की चिठ्ठीवर कोणते नाव लिहावयाचे, हा केवळ शब्दनिवडीचा प्रश्न उरत नाही. तो रुग्णाच्या मिळकतीचा प्रश्न होतो.