एक्क्यांची रांग

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. आम्ही आज एका शाळामास्तरांचा आणि त्यांच्या आवडत्या संख्यांचा इतिहास सांगणार आहोत.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूस जन्मले. बी. एस्सी. होऊन ते देवळालीस शिक्षक झाले व १९६२ पर्यंत शिक्षकच राहिले. त्याहून वरची पदवी त्यांस नव्हती. डोंबिवली स्टेशनास पूर्वी डेम्लो म्हणत. तेथे सुचलेल्या संख्यांस त्यांनी तेच नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, नऊ एक्क्यांचा १२३४५६७८९८७६५४३२१. कित्येक विद्वानांनी यास पोरखेळ ठरविले.

परंतु नुसत्या एक्क्यांनी लिहिलेल्या संख्यांत मूळ संख्या कोणत्या, म्हणजे एक व स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या कोणत्या, हा प्रश्न पोरखेळ नव्हे. खापरच्या बाजारात मोळ्या मोजताना मोळीगणिक एक रेघ ओढावी, तशी ही रांग समजा. सहा एक्क्यांच्या तीन-तीनच्या दोन टोळ्या पडतात, म्हणून १११ ने भाग जातो: १११ × १००१. रांगेच्या सारख्या टोळ्या पडल्या की संख्या मूळ राहत नाही. म्हणजे एक्क्यांची गणतीच मूळ हवी. हे कळण्यास कॉलेज लागत नाही, मस्टर लिहिणाऱ्यासही कळते.

मात्र तेवढ्याने भागत नाही. तीन एक्के म्हणजे ३ × ३७, पाच म्हणजे ४१ × २७१, सात म्हणजे २३९ × ४६४९. अकरा सोडल्यास पुढली मूळ संख्या थेट एकोणीस एक्क्यांची, मग तेवीसची. नंतर ३१७ पर्यंत सारे रान ओसाड! त्यापुढची १०३१ एक्क्यांची. तिला एकेक भाजक लावून पाहू म्हटले तर कोणतेही यंत्र पुरे पडणार नाही. पण तीतून एक वजा करा: १०३० एक्के आणि शेवटी शून्य उरते. १०३० च्या टोळ्या पडतात, तेव्हा त्या संख्येचे पुष्कळ अवयव हाती येतात आणि त्यांच्या आधारे मूळच्या संख्येची परीक्षा होते. शेजाऱ्याला फोडून घरधन्याची साक्ष काढावी, तशी ही युक्ती. विल्यम्स व डब्नर यांनी १९८६ साली ही सिद्धता प्रसिद्ध केली. कापरेकर त्याच साली वारले.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा जगास त्यांचे नाव कळले. तोवर आमचा हा गणिती निवृत्तिवेतनात भागेना म्हणून शिकवण्या करीत होता. आयुष्यभर मजुरीचे हिशेब पाहणाऱ्या आम्हांस ही नोंद त्यांच्या चरित्रातून गाळवत नाही.

४९,०८१ एक्क्यांची रांग मूळ असल्याचे २०२२ साली सिद्ध झाले. अशा रांगा अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.