पगारपत्रकातले दोनशे रुपये

महिनाअखेरीस पगारपत्रक हातात आलं, की आपण आधी तळाचा आकडा बघतो. मग नजर कपातीच्या रकान्याकडे जाते. तिथे भविष्यनिर्वाह निधी असतो, आयकर असतो आणि त्यांच्या आसपास कुठेतरी ‘पी. टी. २००’ अशी एक ओळ असते. हा व्यवसाय कर. रक्कम इतकी किरकोळ, की ती कशाची म्हणून कुणी विचारत नाही. नोकरीची पहिली कित्येक वर्षं मीही विचारलं नव्हतं. पण या ओळीचं कूळ शोधायला लागलं, की माणूस थेट बहात्तरच्या दुष्काळात, रस्त्याकडेला खडी फोडत बसलेल्या बायकांपाशी जाऊन पोचतो.

त्या बायकांच्याही मागे काही पिढ्या आहेत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने दुष्काळी कामं काढली होती. ती काढताना धोरण असं होतं, की काम इतकं कष्टाचं आणि मजुरी इतकी तुटपुंजी ठेवायची, की अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी तिकडे फिरकू नये. सरकारचे दुष्काळी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेल्या मजुरीत दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे मिळत. त्यात कामही घराजवळ नाही, लांब. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी या मजुरीविरुद्ध काम टाकलं आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. उपाशी माणसं संप करतात, याचा अर्थ सरकारला लागला नाही. पुढे दुष्काळ संहिता झाली, कामं काढायची रीत ठरली; पण काम काढायचं की नाही, हे सरकारच्याच मर्जीवर राहिलं. आधी दुष्काळ जाहीर व्हायचा, मगच कुदळ मिळायची.

हे उलटं करावं, असं वाटणाऱ्यांत वि. स. पागे होते. सांगली जिल्ह्यातले गांधीवादी कार्यकर्ते, १९६० पासून १८ वर्षं विधान परिषदेचे सभापती. दुष्काळ असो वा नसो, शेतमजुराच्या हाताला वर्षातले कित्येक महिने काम नसतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. अंगमेहनत करायला जो तयार आहे, त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक असावं. साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात हा प्रयोग करून बघितला गेला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तो उचलून धरला आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना म्हणून पुढे आणला. ‘मागेल त्याला काम’ हे तीन शब्द तिच्यासोबत गावोगाव गेले. माझ्या मते सगळं वजन त्यातल्या ‘मागेल’ या शब्दात आहे. आजवर सरकार देत होतं, आता माणूस मागणार होता.

योजना पुरती उभी राहते न राहते तोच दुष्काळाने टोक गाठलं. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. तेव्हा लहान असलेली माणसं आजही मिलो ज्वारीची लालसर भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण काढतात. ज्या घरातल्या बाईने कधी उंबरठा ओलांडला नव्हता, ती पदर खोचून दगडाच्या ढिगापाशी बसली. पण या लोकांचं एकत्र येणं फक्त पोटापुरतं राहिलं नाही. मजुरी वेळेवर द्या, काम बंद करू नका, कामावर पाणी आणि सावली द्या, म्हणून तहसीलवर मोर्चे गेले. डावे, समाजवादी, शेतकरी कामगार पक्षाचे लोक त्यात होते. पाऊस झाला, दुष्काळी कामं बंद झाली. तरी ‘काम द्या’ ही मागणी काही बंद झाली नाही.

प्रश्न उरला पैशाचा. त्याचं उत्तर म्हणजे पगारपत्रकातली आपली ती ओळ. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला, त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहनं, बागायती जमीन यांच्यावरही अधिभार आले आणि राज्याने स्वतःच्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची, असं ठरलं. व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईतून येणार हे उघड होतं. फोर्टमधल्या कचेरीत बसणारा कारकून आणि दुष्काळी तालुक्यात माती उचलणारी बाई यांच्यात सरकारने असा हिशेबाचा धागा बांधला. शहरांनी फारशी खळखळ केली नाही, कारण बहात्तरला गावाकडून आलेले लोंढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. बागायतदारांना मजूर महाग होतील ही धास्ती होती. पण पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते यांचा फायदा त्यांच्याच जमिनींना होणार होता. मजुराचा हक्क आणि जमीनदाराचा फायदा एकाच कामात बसले, म्हणून सगळ्या पक्षांनी पाठिंबा दिला. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

याआधी अमेरिकेत १९३५ पासून रूझवेल्टच्या सरकारने सुमारे ८५ लाख लोकांना सरकारी कामावर घेतलं होतं. पण तो कार्यक्रम होता, १९४३ मध्ये गुंडाळला गेला. महाराष्ट्राने कायद्याने हक्क दिला. नाव नोंदवून काम मागितल्यावर १५ दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा, दिवसाला किमान एक रुपया. भत्ता फार थोड्यांच्या पदरात पडला, हेही इथेच सांगायला हवं.

हमीचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा. मोजणीला आलेला माणूस त्या खुंटावरून खोली मोजतो, लांबी-रुंदीशी गुणतो आणि मजुरी निघते. किती माती निघाली याला पैसे, कुणी काढली याला नाही. शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी देण्याची रीत होती, ती या मातीच्या खुंटापाशी मोडली. म्हणूनच ‘हमीवर’ बायका मोठ्या संख्येने आल्या. कित्येक कामांवर त्याच जास्त होत्या. हजेरीच्या मस्टरवर स्वतःच्या नावापुढे अंगठा उठवणं ही त्यांतल्या कितीतरी जणींची सरकारी कागदावरची पहिली खूण होती.

सगळं धड चाललं नाही. खोटी मस्टरं भरली गेली, मजुरी महिनोनमहिने रखडली, अर्धवट तलाव गाळाने भरले. पुढे कामावरची उपस्थिती घटली, कर मात्र येत राहिला. दोष झाकण्याचं कारण नाही. पण त्यासाठी हक्कच मोडीत काढावा, हे मला कधी पटलं नाही. मस्टर खोटं असेल तर मस्टर सुधारावं. याच हक्काचा धागा धरून २००५ मध्ये संसदेने सगळ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, घरटी वर्षाला १०० दिवसांचा.

राज्यघटनेने व्यवसाय कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली, तेव्हापासून ती तिथेच आहे. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, हा हिशेब त्या २,५०० चाच. येत्या फेब्रुवारीत पगारपत्रक आलं, की त्या ओळीवर बोट ठेवून घरातल्या मुलांना बहात्तरच्या त्या बायकांची गोष्ट सांगा.