सूक्ष्माचा शोध : विदुषी कोरी बार्गमन यांचे संशोधनकार्य

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु विद्येला ज्ञाती नसते, देशही नसतो. यास्तव यंदा आम्ही अमेरिकेतील एका विदुषीचे संशोधनकार्य वाचकांपुढे ठेवीत आहो. आपल्या घरांतील स्त्रियांच्या आरोग्याशी त्याचा निकट संबंध आहे, हे पुढे दिसून येईल.

डॉ. कॉर्नेलिया, रूढ नावाने कोरी, बार्गमन यांचा जन्म १९६१ सालचा. जॉर्जिया संस्थानातील अथेन्स या गावी त्या वाढल्या. १९८१ साली तेथील विद्यापीठाची पदवी घेऊन त्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत गेल्या आणि डॉ. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या हाताखाली कर्करोगाचे संशोधन करू लागल्या.

वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्या सुमारास एका नव्या जनुकाचा माग लागला होता. उंदरांची पिले गर्भात असता त्यांना एक विशिष्ट रसायन पोचले, तर पुढे त्यांच्या मज्जासंस्थेत अर्बुदे उत्पन्न होत. त्या अर्बुदांतील डीएनए दुसऱ्या पेशींत घातले, की त्याही बेसुमार वाढू लागत. याविषयीचा निबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक लक्ष्मीचरण पाढी हे आपल्या देशाचे संशोधक होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी पुढे काम केले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. मज्जासंस्थेच्या अर्बुदांत सापडले म्हणून या जनुकास 'न्यू' हे नाव मिळाले.

निरोगी जनुक आणि रोगकारक जनुक यांत भेद कोणता, हा प्रश्न बार्गमन यांनी हाती घेतला. १९८६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, हजारो अक्षरांच्या त्या मजकुरात केवळ एक अक्षर बदललेले असते! त्यायोगे प्रथिनाच्या साखळीत व्हॅलीन या घटकाच्या जागी ग्लुटामिक आम्ल येते. हे प्रथिन पेशीच्या वेशीवर द्वारपालासारखे असून वाढीचा निरोप बाहेरून आत पोचविते. परंतु हा एक घटक बदलला, की निरोप आलेला नसताही ते वाढीची आज्ञा देत राहते. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात आमचा जन्म गेला. एका अक्षराने अर्थाचा अनर्थ होतो हे आम्ही मुलांना नित्य सांगत असू. त्याच न्यायाने जीवही धोक्यात येतो, हे या विदुषीने शिकविले.

मनुष्यातील याच जनुकास 'हर-२' म्हणतात. स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगात त्याचे अक्षर बहुधा बदलत नाही. त्याच्या प्रती मात्र वाढतात. १९८७ साली डॉ. डेनिस स्लेमन व त्यांचे सहकारी यांनी तपासलेल्या अर्बुदांपैकी सुमारे ३० टक्क्यांत अशा वाढीव प्रती आढळल्या. पुढील पाहण्यांत हे प्रमाण १५ ते २० टक्के निघाले. हे प्रथिन नेमके अडविणारे हर्सेप्टिन हे औषध अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले. ते बार्गमन यांनी तयार केले नाही. परंतु उंदरांच्या अर्बुदांवरील त्या मूळच्या अभ्यासाचा धागा या औषधापर्यंत येऊन पोचतो.

१९८७ साली डॉक्टरेट मिळाली आणि ज्या विषयात नाव झाले तोच सोडून बार्गमन मज्जाशास्त्राकडे वळल्या. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात. बार्गमन यांनी निवडला तो मातीतील एक मिलिमीटर लांबीचा, अवघ्या ३०२ मज्जापेशींचा सूत्रकृमी. लोण्याला वास देणाऱ्या डायासेटिल या द्रव्याकडे तो ओढला जातो. हा वास ओळखणारे प्रथिन बार्गमन यांच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेने १९९६ साली निश्चित केले. पुढच्याच वर्षी तेच प्रथिन त्यांनी नकोशा वासांची जाणीव करून देणाऱ्या दुसऱ्या मज्जापेशीत उत्पन्न केले. तेव्हा तोच कृमी त्या वासापासून दूर पळू लागला! आवड-नावड वासात नसून तो कोणत्या मज्जापेशीस कळतो यावर अवलंबून आहे, हे यावरून सिद्ध झाले.

२००४ साली त्या न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेल्या. २०१२ साली त्यांस इतर दोघांसमवेत मज्जाशास्त्राचे कावली पारितोषिक मिळाले. २०१३ साली अमेरिकन सरकारने मेंदूच्या अभ्यासाची मोठी योजना जाहीर केली. तिची दिशा ठरविणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या दोन अध्यक्षांपैकी त्या एक होत्या.

कृमी-कीटकांचा अभ्यास करून मुलीचे काय भले होणार, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे चरित्र मुलींस अवश्य वाचून दाखवावे. आणि माताभगिनींस आमची आणखी एक विनंती आहे. स्तनात हरभऱ्याएवढी गाठ हातास लागली, तरी ती लाजेस्तव झाकून ठेवण्याची रीत आपल्या घरांतून अद्याप पुरती गेलेली नाही. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. परंतु ती कशाची आहे हे डॉक्टरांच्या तपासणीवाचून कळत नाही. एका अक्षराचा शोध घेण्यासाठी विद्वानांनी वर्षे वेचली. त्या शोधाचा लाभ व्हावा, यासाठी आपण निदान वेळेवर डॉक्टरांच्या दारी जावे, आणि घरच्या पुरुषांनी स्वतः होऊन तिला घेऊन जावे, एवढेच आमचे सांगणे आहे.