जमिनीला धरून राहणारे चाक

खडकाळ डोंगरवाटेसाठी बनवलेल्या सायकलीची पुढची व मागची, अशी दोन्ही चाके शॉक ॲब्सॉर्बरवर तोललेली असली, की तिला ‘फुल सस्पेन्शन’ सायकल म्हटले जाते. फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असून मागची चौकट ताठ असेल, तर ती ‘हार्डटेल’. या दोहोंतील फरक आरामाचा आहे, असा सर्वसाधारण समज असतो. हादरे कमी बसतात आणि पाठीला त्रास होत नाही, हे खरेच आहे. परंतु सस्पेन्शनचे मुख्य काम ते नव्हे. टायर जमिनीला धरून राहावा, हे त्याचे खरे काम. ब्रेक लागणे, सायकल वळणे आणि पायडलचा जोर रस्त्यापर्यंत पोहोचणे, या तिन्ही गोष्टी टायर व जमीन यांच्या इंच-दोन इंचांच्या स्पर्शावर अवलंबून असतात. तो स्पर्श सुटला, की सायकलस्वार सीटवर असूनही सायकल त्याच्या ताब्यात राहत नाही.

रिपॅकच्या उतारावरून

डोंगरातील सायकलिंगची सुरुवात ज्या शर्यतीपासून मानली जाते, ती २१ ऑक्टोबर १९७६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरिन काउंटीमधील फेअरफॅक्स गावाजवळ झाली. जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली घेऊन काही तरुण सुमारे ४०० मीटरचा उतार जेमतेम साडेतीन किलोमीटरमध्ये उतरत. पायडल उलटे दाबून लागणाऱ्या मागच्या ब्रेकमधील ग्रीस उतार संपेपर्यंत जळून जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, असे नाव पडले. या सायकलींना सस्पेन्शन नव्हते. टायरमधील हवा आणि स्वाराचे गुडघे व कोपर, हेच काय ते सस्पेन्शन.

पॉल टर्नर यांच्या ‘रॉकशॉक्स’ कंपनीने १९८९च्या सुमारास पुढच्या चाकाला धरणारा चिमटा, म्हणजेच फोर्क, मोटारसायकलप्रमाणे तेल व हवेवर चालणारा बनवला. १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झालेल्या पहिल्या अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उताराची शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलीला असाच फोर्क होता. पुढच्या चाकाचा प्रश्न असा लवकर सुटला. मागच्या चाकाचा प्रश्न मात्र पुढे अनेक वर्षे अभियंत्यांना छळत राहिला. कारण मागच्या चाकाला चेन जोडलेली असते.

दगडावरून जाताना

वाटेत पाच सेंटिमीटर उंचीचा दगड आला, अशी कल्पना करू. ताठ चौकटीच्या सायकलीचे मागचे चाक दगडावर चढते, तेव्हा त्याच्याबरोबर चौकट, सीट आणि सीटवर बसलेला ७० किलो वजनाचा माणूस, असा सगळाच भार वर उचलला जातो. हा भार उचलण्यात पुढे जाण्याचा वेग खर्ची पडतो. दगड ओलांडल्यावर चाक उसळते आणि क्षणभर हवेत राहते. त्या क्षणी मागचा ब्रेक दाबला, तर चाक थांबते. सायकल थांबत नाही.

सस्पेन्शन असलेल्या सायकलीत दगडावर फक्त चाक आणि त्याला धरणारी मागची भुजा वर जाते. स्वार व मुख्य चौकट जवळजवळ सरळ रेषेत पुढे जात राहतात. हलणारे वजन थोडे असल्याने वेग फारसा मोडत नाही आणि दगड संपताच स्प्रिंग चाकाला पुन्हा जमिनीवर दाबते. म्हणूनच दगडधोंड्यांच्या सलग पट्ट्यातून फुल सस्पेन्शन सायकल वाहत गेल्यासारखी जाते, तर हार्डटेल ठेचकाळत जाते.

उंचवट्याइतकाच खड्डाही महत्त्वाचा. स्वार सायकलीवर बसताच सस्पेन्शन आपल्या एकूण हालचालीच्या साधारण २५ ते ३० टक्के दबलेले असावे लागते. याला ‘सॅग’ म्हणतात. १४० मिलिमीटर हालचालीच्या सायकलीत हे अंतर सुमारे ३५ ते ४२ मिलिमीटर भरते. समोर खड्डा आला, की ही राखून ठेवलेली हालचाल उपयोगी पडते. चाक खाली उतरून खड्ड्याचा तळ गाठते. सॅगच नसेल, तर स्प्रिंग वर दबते, पण खाली पोहोचत नाही.

स्प्रिंग आणि तेल

शॉकमध्ये दोन निरनिराळ्या यंत्रणा असतात. पहिली स्प्रिंग. ती पोलादाची असते किंवा बंद नळीत कोंडलेल्या हवेची. हवेची स्प्रिंग हलकी असून दाब कमी-अधिक करून ती स्वाराच्या वजनाला जुळवता येते; शिवाय दबत जाईल तशी ती अधिकाधिक कडक होते, त्यामुळे मोठ्या उडीनंतर शॉक सहसा तळाला आपटत नाही. पोलादी स्प्रिंग जड असते; पण बारीकसारीक खडबडीला ती अधिक तत्परतेने प्रतिसाद देते.

दुसरी यंत्रणा डॅम्परची. दट्ट्या तेलातून सरकतो आणि बारीक छिद्रांतून वाट काढणारे तेल त्याच्या गतीला आवर घालते. डॅम्पर नसेल, तर दबलेली स्प्रिंग सारी ऊर्जा तशीच परत करते आणि सायकल स्वाराला घोड्यासारखी उधळून देते. परतीचा वेग ठरवणाऱ्या या समायोजनाला ‘रिबाउंड’ म्हणतात. ते फार मोकळे ठेवले, तर सीट खालून लाथ मारते. फार आवळले, तर एका दगडावर दबलेला शॉक दुसरा दगड येईपर्यंत पूर्ण उघडतच नाही. तिसऱ्या-चौथ्या दगडाला हालचाल उरत नाही आणि महागडी सायकल ऐन खडकाळ पट्ट्यात ताठ होऊन बसते.

चढावर चेनचा पेच

चढावर पायडल मारताना प्रत्येक जोरासरशी स्वाराचा भार मागे सरकतो आणि मागचा शॉक दबतो. साहजिकच सायकल वरखाली डुलू लागते व पायांची थोडी ताकद तेल गरम करण्यात जाते. सुरुवातीच्या फुल सस्पेन्शन सायकली याच दोषामुळे बदनाम झाल्या.

यावर उपाय चेनमध्येच सापडला. मागची भुजा ज्या बिजागरीवर फिरते तिची जागा अशी निवडता येते, की पायडल मारताना चेनची ओढ शॉकला उघडू पाहते. भार शॉकला दाबतो, चेन त्याला उघडते आणि दोन्ही जोर एकमेकांना तोलून धरतात. अभियंते याला ‘अँटी-स्क्वॉट’ म्हणतात. मात्र, ही सोय फुकट मिळत नाही. अशा रचनेत चाक वर जाताना ते पायडलच्या आसापासून किंचित दूर सरकते, चेन ताणली जाते आणि मोठ्या दगडावर पायडल पायाखाली उलटे खेचल्यासारखे जाणवते. चढावरचा फायदा वाढवावा, तर खडकावरची मऊसूत चाल थोडी हरवते.

फुल सस्पेन्शन सायकलींच्या निरनिराळ्या रचना या एकाच देवघेवीची वेगवेगळी उत्तरे आहेत. एकाच बिजागरीची रचना साधी व टिकाऊ असते; पण मागचा ब्रेक दाबताच तिचे सस्पेन्शन ब्रेकच्या ओढीने प्रभावित होते. होर्स्ट लाइटनर यांनी चाकाच्या आसाच्या थोडी पुढे आणखी एक बिजागरी घातली. त्यामुळे पायडल, ब्रेक आणि हादरे यांचे परिणाम बऱ्याच अंशी वेगळे करता आले. ‘होर्स्ट लिंक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेचे पेटंट १९९८ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीने घेतले. डेव्ह वीगल यांच्या ‘डीडब्ल्यू-लिंक’मध्ये दोन आखूड सांधे असून, पायडलची डोल रोखण्यावर तिचा भर आहे.

गुळगुळीत चढावर ताठ हार्डटेल सरस ठरते, यात वाद नाही. परंतु चढ मुळांचा, पायऱ्यांचा व सुट्या दगडांचा असेल, तर चित्र पालटते. तेथे स्वार दमल्यामुळे थांबण्याऐवजी मागचे चाक घसरल्यामुळे थांबतो. सस्पेन्शन त्या चाकाला खडकावर दाबून ठेवते आणि स्वाराला सीटवर बसून पायडल मारता येते. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. सॅगमुळे पायडल जमिनीच्या अधिक जवळ आलेले असतात. ते दगडाला आपटणार नाहीत, अशी वेळ साधूनच पाय फिरवावे लागतात.

एका सेकंदाची कथा

वजन महत्त्वाचे की पकड, हा वाद शर्यतींच्या मैदानावर दीर्घकाळ चालला. तोडीच्या हार्डटेलपेक्षा फुल सस्पेन्शन सायकल एक-दोन किलोंनी जड असते. त्यामुळे १९९६ मध्ये अटलांटा येथे क्रॉस-कंट्री प्रकार ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला, तेव्हा हलक्या हार्डटेलचाच बोलबाला होता.

२०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये एसेक्समधील हॅडली फार्म येथे आणून रचलेल्या खडकांच्या मार्गावर चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी फुल सस्पेन्शन सायकलीवर, तर स्वित्झर्लंडचा निनो शूर्टर हार्डटेलवर उतरला. सुमारे दीड तासाच्या शर्यतीअखेर कुल्हावीने शूर्टरला अवघ्या एका सेकंदाने मागे टाकले. एका शर्यतीवरून सायकलीचा निवाडा होत नाही. जिंकतो तो स्वार. तथापि, चार वर्षांनी रिओ येथे शूर्टरने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्याच्याही सायकलीचे मागचे चाक शॉकवर तोललेले होते. रौप्यपदक कुल्हावीकडे गेले. त्यानंतर टोकियोची, २०२१ मध्ये झालेली, आणि २०२४ची पॅरिसची अशी दोन्ही सुवर्णपदके ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने फुल सस्पेन्शन सायकलीवरच पटकावली.

उतारावरील शिस्त

उतारावर सस्पेन्शन स्वाराला वेग देते आणि चूक झाकण्याची थोडी मुभाही देते. नेमका येथेच धोका आहे. हार्डटेल प्रत्येक दगडाची खबर लगेच देते आणि स्वार आपोआप वेग आवरतो. फुल सस्पेन्शनवर ती खबर उशिरा पोहोचते, तोवर वेग वाढलेला असतो. शॉक लहान-मध्यम हादरे गिळतो; मोठे हादरे आजही गुडघ्यांनी व कोपरांनीच झेलावे लागतात. सीट खाली घेऊन, पायडल समपातळीत ठेवून, टाचा किंचित खाली दाबून उभे राहणे, हे तंत्र सस्पेन्शनने कालबाह्य केलेले नाही.

किती हालचाल हवी, हे वाटेवरून ठरते. क्रॉस-कंट्रीसाठी १०० ते १२० मिलिमीटर, सर्वसाधारण डोंगरवाटांसाठी १२० ते १५०, तीव्र खडकाळ उतारांसाठी १५० ते १८० आणि निव्वळ उताराच्या शर्यतीसाठी सुमारे २०० मिलिमीटर हालचाल वापरली जाते. गरजेपेक्षा अधिक हालचाल सपाट वाटेवर ओझेच ठरते. कारण सायकल उचलण्यासाठी दिलेला जोर स्प्रिंगच शोषून घेते.

‘डबल शॉक’ पाहून फसू नये

भारतीय शहरांतील दुकानांत दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेल्या स्वस्त, पोलादी सायकली वर्षानुवर्षे विकल्या जात आहेत. मुलांमध्ये त्या ‘डबल शॉक’ म्हणून लोकप्रिय आहेत. यांतील बहुतेकींच्या मागच्या शॉकमध्ये केवळ स्प्रिंग असते, तेलाचा डॅम्पर नसतो. परिणामी जड चौकट, प्रत्येक पायडलसरशी डोल आणि खड्ड्यानंतर उसळी, असे तिन्ही तोटे पदरी पडतात. त्याच किमतीची साधी, ताठ चौकटीची सायकल शहरात अधिक वेगाने पळते आणि डोंगरातही अधिक भरवशाची ठरते.

खरी फुल सस्पेन्शन सायकल घेणाऱ्यालाही तिची निगा राखावी लागते. मागच्या शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. ती सीलला टेकवून, नेहमीच्या पाठपिशवीसह सायकलीवर बसावे आणि हलकेच उतरावे. ५५ मिलिमीटर सरकणाऱ्या शॉकवर कडी १४ ते १६ मिलिमीटर हलली, तर सॅग बरोबर आहे. कमी-जास्त असल्यास शॉकच्या खास पंपाने हवा बदलावी. साध्या पंपाने हे काम होत नाही. रिबाउंडची कळ एका वेळी एक-दोन टिचक्याच फिरवून तोच तुकडा पुन्हा चालवून पाहावा. फोर्कच्या खालच्या नळ्यांतील तेल सुमारे ५० तासांच्या वापरानंतर बदलावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलात सायकल चालवणाऱ्यांनी सील व बिजागऱ्यांच्या बेअरिंगकडे त्याआधीही लक्ष द्यावे. दुर्लक्षित शॉक हळूहळू अडखळू लागतो, चाक जमीन सोडू लागते आणि ज्या पकडीसाठी एवढा खर्च केला, तीच ऐन वळणावर हरवते.